हेडबोर्ड नावाचा डोक्याला ताप

हल्ली कुणाच्याही नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलं की जेवणाआधी एक फेरी असते. हा हॉल, हे किचन, ही ड्राय बाल्कनी, आणि ही आमची मास्टर बेडरूम. तिथल्या दारात यजमान क्षणभर थांबतात, एक बटण दाबतात आणि पलंगामागची अख्खी भिंत उजळते. फोम भरलेले मोठाले चौकोन, त्यांत खोल रुतलेली बटणं, मधूनमधून सोनेरी पट्ट्या, मागून पिवळा उजेड. सगळे "वा!" म्हणतात. मीही म्हणतो. जेवायचं असतं ना :)

पण आज विकांत आहे, जेवण घरचंच आहे, तेव्हा स्पष्ट लिहायला हरकत नाही. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये भिंतभर गादीदार हेडबोर्ड बसवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्यात जागा जाते, पैसा जातो, धूळ आणि ओल घरात मुक्कामाला येते, आणि एवढं करून पाठ दुखायची ती दुखतेच. हे वाक्य ज्यांना झोंबलं त्यांनी पुढचं जरूर वाचावं. ज्यांचं फर्निचर अजून व्हायचंय त्यांनी तर वाचावंच.

आधी मुळात ही वस्तू आली कुठून ते बघू. थंड देशांत, दगडी भिंतींच्या घरात, भिंतीचा गारठा आणि फटींतून येणारा वारा डोक्याला लागू नये म्हणून पलंगाला डोक्याकडे जाड फळी असणं समजण्यासारखं आहे. आपल्याकडे पुण्यात डिसेंबरातले पंधरा दिवस सोडले तर भिंतीचा गारठा ही तक्रार नाही, वरदान आहे. आणि सगळ्या जगालाच डोक्याकडे फळी लागत होती असंही नाही. तुतानखामेनची कबर १९२२ मध्ये सापडली, त्यात त्याचे पलंग निघाले. प्राचीन इजिप्तच्या त्या पलंगांना उभी फळी असायची ती पायाकडे. डोक्याकडे काही नाही. म्हणजे राजाचंही हेडबोर्डवाचून अडलं नव्हतं.

आता दुसरं टोक. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये 'ग्रेट बेड ऑफ वेअर' नावाचा एक अवाढव्य ओक लाकडाचा पलंग आहे. साधारण १५९० च्या आसपासचा, तीन मीटरहून जास्त रुंद, डोक्याकडे भरगच्च कोरीवकाम. हा राजवाड्यासाठी केलेला नव्हता. वेअर गावातल्या खानावळीसाठी, बहुधा गिऱ्हाईक ओढायला तो बनवला होता. लोक लांबून बघायला यायचे आणि त्यावर आपली अक्षरं कोरून जायचे (आपल्याकडे सिंहगडावर कोरतात तसंच!). थोडक्यात, पाहुण्याचे डोळे दिपवणारा प्रचंड हेडबोर्ड ही सव्वाचारशे वर्षं जुनी लॉजची जाहिरात आहे.

आणि आजही ती तिथूनच येते. आपण ऑफिसच्या कामाला किंवा लग्नाला म्हणून चांगल्या हॉटेलात राहतो, पलंगामागची ती गुबगुबीत भिंत बघतो आणि मनात धरतो की घर झालं की असंच करायचं. पण हॉटेलनं ते का केलंय याचा विचार करा. रोज नवा माणूस येतो, त्याचं डोकं भिंतीला लागतं, भिंत काळी होते, दर महिन्याला रंग द्यायला परवडत नाही. म्हणून तिथे पुसता येईल, बदलता येईल असं पॅनेल मारतात. ते पुसायला पगारी माणसं असतात. काही वर्षांनी अख्ख्या हॉटेलचं नूतनीकरण निघतं आणि ते पॅनेल भंगारात जातं. तुम्ही मात्र ते वीस वर्षांच्या कर्जाच्या घरात लावताय, आणि पुसायला कोण आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. डिझायनर तर नक्कीच येणार नाही.

आता टेप काढा. गप्पा पुरे, आकडे बघू.

आपल्याकडे किंग साइज गादी म्हणजे ७२ बाय ७८ इंच. क्वीन ६० बाय ७८. खोली १० बाय ११ फूट धरली तर १२० बाय १३२ इंच. किंग गादीच एकटी ३९ चौरस फूट खाते, म्हणजे ११० चौरस फुटांच्या खोलीतला एक तृतीयांशाहून जास्त भाग. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६ ची) घरात दोन खोल्या असतील तर एक किमान साडेनऊ चौरस मीटर आणि दुसरी किमान साडेसात चौरस मीटर असावी असं म्हटलंय. साडेसात म्हणजे जेमतेम ८१ चौरस फूट. त्या दुसऱ्या खोलीत किंग टाकला की जवळजवळ अर्धी खोली पलंगच.

आपल्या १० बाय ११ मध्ये पलंग लांबीकडे लावू. डोक्याची भिंत १० फुटांची, समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचं कपाट. १३२ मधून २४ गेले, उरले १०८. गादी ७८, तिच्या चौकटीचे २ इंच, म्हणजे ८०. पायथा आणि कपाट यांच्यात २८ इंच उरतात. आता भिंतभर हेडबोर्ड मारा. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा दीड इंच, त्यावर अर्ध्या इंचाचा प्लाय, त्यावर दोन इंच फोम. झाले चार इंच. उरले २४. कपाटाचा खालचा ड्रॉवर १८ इंच बाहेर आला की उभं राहायला ६ इंच. २८ मध्ये ड्रॉवर उघडून माणूस तिरका का होईना उभा राहतो. सहा इंचात मांजर उभं राहतं.

मग काय होतं? ड्रॉवर पलंगावर बसून उघडायचा. पुढे पुढे तो उघडायचाच बंद होतो. त्यात लग्नातल्या साड्या आणि जुने बँकेचे कागद जातात, आणि रोजचे कपडे खुर्चीवर. तुमच्या घरी ती खुर्ची आहे ना? मला माहीत होतं.

आता याच चार इंचांचे पैसे करू. १२० इंच रुंद गुणिले ४ इंच जाड, म्हणजे ४८० चौरस इंच, म्हणजे ३.३३ चौरस फूट जमीन. समजा तुमच्या फ्लॅटचा कार्पेटचा भाव चौरस फुटाला १०,००० रुपये पडला. म्हणजे ३३ हजार तीनशे रुपयांची जमीन तुम्ही फोमला दिली. ती कर्जावर घेतली असेल, साडेआठ टक्के, वीस वर्षं, तर फेडून होईपर्यंत हीच रक्कम साधारण ६९ हजार होते. यात हेडबोर्डची किंमत अजून धरलेली नाही. ती वेगळी! आणि ती कशी लावतात तेही बघा. पॅनेलचं काम चौरस फुटाच्या भावानं निघतं. पलंगापुरता हेडबोर्ड ६ फूट बाय साडेतीन फूट धरला तर २१ चौरस फूट. भिंतभर १० फूट बाय ४ फूट केला की ४० चौरस फूट. बिल जवळपास दुप्पट. मग इंटिरियरवाला तुम्हाला कुठला सुचवेल? त्यात त्याची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. माझं बिल तासावर असतं तेव्हा मीही मीटिंगा लांबवल्या असत्या. पण गिऱ्हाइकानं आपलं गणित स्वतः करायला नको?

मला गंमत याची वाटते की २०१६ चा रेरा कायदा आल्यापासून आपण सगळे कार्पेट एरियाचे तज्ज्ञ झालोय. ताबा घेताना टेप घेऊन जातो. बेडरूम कागदावर अकरा फूट आणि प्रत्यक्षात दहा फूट आठ इंच निघाली तर बिल्डरशी भांडण, सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब, "तक्रार करतो" म्हणून धमकी. आणि ताबा मिळाल्यावर तेच चार इंच पदरचे पैसे देऊन हौसेनं बंद करून टाकतो. बिल्डरनं घेतले तर चोरी, डिझायनरनं घेतले तर लक्झरी!

बरं, जागा गेली, पैसा गेला. वस्तू तरी टिकते का?

आपण तेल लावणारी माणसं आहोत. रविवारी सकाळी खोबरेल चोपडून पलंगावर पेपर वाचत बसणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे. कापडी हेडबोर्डवर वर्षभरात दोन गोल डाग पडतात, नवरा-बायकोचा एकेक. उशीचा अभ्रा धुता येतो. भिंतीला ठोकलेलं कापड धुता येत नाही. मग सल्ला मिळतो की लेदरेट घ्या, पुसता येतं. स्वस्त लेदरेटवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे सोडायला लागतो. ठाण्या-मुंबईकडच्यांनी ऑफिसबॅगेवर आणि सोफ्यावर हे बघितलंच असेल. सकाळी उठल्यावर केसात काळे कपटे सापडले तर कोंडा समजू नका.

शिवलेल्या खोबण्यांत आणि बटणांच्या खड्ड्यांत धूळ बसते. धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांच्यामुळे अनेकांना सकाळच्या शिंका येतात, त्यांना कापड, फोम आणि माणसाची गळलेली त्वचा एवढंच हवं असतं. ढेकणांना तर हेडबोर्डमागची फट म्हणजे सातबाराच मिळाला. एकदा ते भिंतीला ठोकलेल्या पॅनेलमागे गेले की पेस्ट कंट्रोलवालाही पॅनेल काढा म्हणतो. नुसता पलंग असता तर दोघांनी ओढून गच्चीवर उन्हात नेला असता.

आणि पाऊस! बेडरूमची एक भिंत बहुतेक वेळा अटॅच्ड टॉयलेटची असते, दुसरी बाहेरची. दोन्ही भिंतींना ओल येऊ शकते. उघड्या भिंतीवर ओल आली की रंगाला फुगे येतात, आपण प्लंबरला बोलावतो. पॅनेल मारलेल्या भिंतीवर ओल आली की काहीच दिसत नाही. पॅनेलच्या मागे हवा नाही, ऊन नाही, बुरशी निवांत वाढते. दोन पावसाळ्यांनी खोलीत कुबट वास यायला लागतो आणि आपण रूम फ्रेशनर आणतो. प्रोग्रामिंगवाल्यांना सांगायचं तर ही एरर दाबून टाकून लॉग बंद करण्याची पद्धत आहे. बग तिथेच आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही.

प्लायबद्दल दोन ओळी. ओल येऊ शकणाऱ्या भिंतीजवळ वापरायचा तर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय मागा. शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ हा साधा घरगुती वापराचा. आणि प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड चिकटवायच्या बऱ्याच गोंदांतून फॉर्मल्डिहाइड हळूहळू बाहेर पडत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये ते कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या एका फळीनं घाबरून जायचं कारण नाही, पण ही फळी रोज सात-आठ तास नाकापासून हातभर अंतरावर असते. म्हणून ई-वन किंवा ई-झिरो दर्जाचा बोर्ड मागावा आणि मागची बाजू व कडा उघड्या सोडू नयेत. जितकं कमी लाकूड तितका कमी प्रश्न, हे वेगळं सांगायला नकोच.

आता विजेकडे येऊ. हल्लीच्या बऱ्याच टॉवरांत मायवान पद्धतीचं बांधकाम असतं, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसकट सगळं काँक्रीट एकदम ओततात. वायरिंगचे पाइप आणि स्विचबोर्डच्या पेट्या ओततानाच आत जातात. नंतर स्विच अर्धा फूट सरकवायचा म्हटलं तर काँक्रीटची भिंत खणावी लागते, आणि ती खणू देत नाहीत. देऊही नये. तेव्हा पलंगाच्या दोन्ही बाजूंचे बोर्ड कुठे असणार हे तुमच्या हेडबोर्डच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. पण कॅटलॉगमधल्या फोटोला हे कुठे माहीत? तो येतो आणि बरोब्बर त्या बोर्डावर बसतो. मग फोमला भोकं पाडून बोर्ड आत ढकलतात, किंवा चार्जर आत दाबून वरून पलंग टेकवतात. फोम आणि कापड ही पेटणारी वस्तू आहे. इंग्लंडनं १९८८ मध्ये गादीदार फर्निचरच्या आगीसाठी स्वतंत्र नियम केले ते उगाच नाही. त्याच फोमच्या आत सैल प्लग आणि रात्रभर गरम होणारा चार्जर ठेवायचा, आणि त्याच्या खाली डोकं ठेवून झोपायचं? मला तरी झोप येणार नाही.

भिंत मायवानची नसेल तर बहुधा हलक्या एएसी ब्लॉकची असते. त्यात साधा स्क्रू-प्लग नीट धरत नाही, त्यासाठी वेगळे अँकर लागतात. मिस्त्रीला विचारा, कुठले वापरणार? तो "होतंय साहेब, काळजी नको" म्हणाला तर काळजी करा.

इथवर जे सांगितलं ते सगळं मी एका अटीवर सहन केलं असतं. पाठीला आराम मिळाला असता तर.

हेडबोर्डचं एकच खरं काम आहे, बसलेल्या माणसाच्या पाठीला टेकण देणं. झोपलेल्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि आपल्या घरात पलंगावर माणसं बसतात हो! २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर पलंग हेच ऑफिस झालं. दोघांच्या मीटिंगा, हॉलमध्ये मुलांची शाळा, मग एकानं बेडरूममध्ये पाठ टेकून लॅपटॉप मांडीवर घ्यायचा. अजूनही आठवड्यातले दोन-तीन दिवस कित्येकांचं तेच चालू आहे. गावाहून आई-वडील येतात, त्यांची दुपार पलंगावर टेकून पेपर आणि मोबाइल बघण्यात जाते. गुडघे दुखत असले की उठताना हाताला धरायला काहीतरी लागतं.

माझ्या एका मित्राच्या घरचा किस्सा सांगतो. त्यांनी पलंग आणि हेडबोर्ड तयार सेटमध्ये मागवला. हेडबोर्ड पलंगाला दोन बोल्टवर अडकवलेला, भिंतीला काहीच नाही. त्याची आई आठवडाभर राहिली. तिसऱ्या दिवशी ती खुर्ची आणून पलंगाशेजारी बसली होती. मी विचारलं, "काकू, पलंगावर का नाही बसत?" तर म्हणाल्या, "अरे, टेकायला गेलं की ते मागं जातंय. मला वाटतं मी मोडतेय. एवढ्या महागाचं आहे म्हणे." काय बोलणार? टेकायच्या वस्तूला टेकायची भीती वाटते, याहून मोठं अपयश त्या वस्तूचं कुठलं असेल?

आणि फोमनं काय होतं? उभ्या भिंतीवर दोन इंच फोम लावला तरी ती उभी भिंतच राहते. काटकोनात बसलं की माणूस हळूहळू खाली घसरतो, कंबरेखाली पोकळी राहते, मान पुढे झुकते. वीस मिनिटांत पाठ बोलायला लागते. पाठीला मऊ लागतं ते नंतर, आधी लागतो कोन. थोडं मागे रेलता आलं पाहिजे आणि कंबरेशी भर पाहिजे. मग फळीच दहा अंश तिरकी करू? २४ इंच उंचीला दहा अंश तिरकं केलं की खाली चार इंच जातात. पुन्हा तेच चार इंच! दिवसातले दोन तास बसायचं म्हणून चोवीस तास जागा अडवायची.

यावर आपल्या आज्या-पणज्यांनी उत्तर काढून ठेवलंय. त्याचं नाव लोड. वाड्याच्या बैठकीत भिंतीला लोड असायचे, कोपरांखाली तक्के. कापूस भरलेला घट्ट लोड, त्याला पांढरी खोळ. बसायचं तेव्हा कंबरेशी ओढायचा, हवा तेवढा कोन करायचा. झोपायचं तेव्हा बाजूला. खोळ मळली की धुवायची, कापूस बसला की पिंजून घ्यायचा, वर्षातून एकदा उन्हात. भिंत कडक राहायची आणि मऊपणा सुटा. आम्ही सॉफ्टवेअरवाले वर्षानुवर्षं एकमेकांना हेच शिकवतो की जे वारंवार बदलणार आहे, झिजणार आहे, ते स्थिर भागात घट्ट बांधून ठेवू नका. तेच लोक घरी जाऊन मऊपणा भिंतीत हार्डकोड करतात!

आता मला माहीत आहे लोक काय म्हणणार.

"अरे, दिसायला नको का काही?" हवंच. कोण नाही म्हणतंय? पलंगामागच्या भिंतीला एक गडद रंग द्या. भिंतभर द्या नाहीतर पलंगाएवढा चौकोन काढा. त्याची जाडी शून्य इंच. तीन वर्षांनी कंटाळा आला तर बदला.

"भिंतीला डोकं लागून रंग खराब होतो." बरोबर आहे, आणि म्हणूनच पातळ फळी हवी. तिला मी विरोध केलेलाच नाही.

"आमची खोली चौदा बाय सोळा आहे." मग तुम्ही सुखी आहात, हा लेख तुमच्यासाठी नाही. तरी ओलीचं आणि तेलाचं लक्षात ठेवा.

"तू कंजूष आहेस." हे खरं आहे. पण वेगळा मुद्दा आहे.

नुसती टीका करून पळून जाणं बरं नाही, तेव्हा मला सुचतं ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी पलंग कुठे येणार ते ठरवा आणि जमिनीवर चिकटपट्टीनं पूर्ण आकार आखा, हेडबोर्डच्या जाडीसकट. डोकं दक्षिणेला की पूर्वेला हे घरातल्या मोठ्यांना ठरवू द्या, पण चिकटपट्टी लावल्यावर. दोन दिवस त्या रेषांना वळसा घालून वावरा. कपाट उघडा, ड्रॉवर ओढा, दार पूर्ण उघडतं का बघा.

२. खोलीची लांबी पुरत नसेल तर आधी हेडबोर्ड पातळ करा. रुंदी पुरत नसेल तर किंगचा क्वीन करा. १२० इंचांत किंगला चौकट धरून दोन्ही बाजूंना २३-२३ इंच राहतात, क्वीनला २९-२९. सहा इंचांत बरंच काही होतं, एक माणूस दुसऱ्याला न उठवता पाणी प्यायला जाऊ शकतो.

३. उंची कॅटलॉगवरून ठरवू नका. गादीवर भिंतीला टेकून बसा आणि घरातल्या कुणाला तरी खांद्यापाशी आणि डोक्याच्या मागे पेन्सिलनं खूण करायला सांगा. पाच फूट आठ इंचांच्या माणसाचा खांदा गादीपासून साधारण २३-२४ इंचांवर येतो. पाठीपुरतं टेकायचं तर तेवढं बस. मान मागे टाकून वाचायची सवय असेल तर ३० इंच घ्या. जमिनीपासून मोजून फसू नका, गादी सहा इंचांची की दहा इंचांची यावर सगळं बदलतं.

४. खिडकीखाली पलंग येत असेल तर हेडबोर्ड चौकटीच्या खालीच थांबला पाहिजे. वारा आणि उजेड याच्यापुढे कुठलंही पॅनेल फिकं आहे.

५. फळी पातळ आणि कडक. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय सनमायका लावून, नाहीतर लाकडी चौकटीत वेताची विणलेली जाळी. सागाची जुनी उभ्या गजांची धाटणी तर उत्तमच. वेत आणि गज, दोन्हींतून हवा खेळते. टेकल्यावर हलली नाही पाहिजे. हलत असेल तर बोल्ट वाढवा किंवा भिंतीचा आधार द्या, पण सुटी करता आली पाहिजे. फळी आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवा, म्हणजे ओल आली तर कळेल.

६. स्विचबोर्डाला हात लावायचा नाही. तो जिथे आहे तिथे हेडबोर्डनं थांबायचं.

७. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर फळीची कड हाताच्या मुठीत येईल अशी गोल करून घ्या. मिस्त्रीचं अर्ध्या तासाचं काम आहे.

८. मऊपणासाठी दोन घट्ट लोड आणि चार खोळी. दोन वापरात, दोन धुण्यात.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. काही फ्लॅटमध्ये डोक्याच्या भिंतीला दोन्ही कोपऱ्यांत कॉलम सहा-सात इंच बाहेर आलेले असतात. पलंग आणि दोन बाजूंची टेबलं त्या दोन कॉलमांच्या मध्ये बसणार नसतील, तर मधली खाच तशीही वाया जाते. तिथे बिनधास्त तेवढ्याच खोलीचा कप्प्यांचा हेडबोर्ड करा. चष्मा, पाण्याची बाटली, पुस्तकं सगळं त्यावर राहील आणि दोन बाजूंची टेबलं वाचतील. तिथे जाडीनं जागा खाल्ली नाही, उलट मिळवून दिली. म्हणजे माझं भांडण जाडीशी नाहीच. खोली न मोजता आणलेल्या जाडीशी आहे.

असो. वास्तुशांतीच्या फेरीत बेडरूम पाच मिनिटं दाखवायची असते, आणि नंतर तिथे वीस वर्षं राहायचं असतं. पाहुण्यांच्या पाच मिनिटांसाठी खर्च करायचाच असेल तर जेवणात श्रीखंड वाढवा. "वा!" त्यालाही म्हणतात, आणि ते भिंतीला चिकटून राहत नाही :)